पाच मिलिमीटर जाडीचा चाकू

उद्या जगबुडी आली तर अख्ख्या पनवेल तालुक्यातून एकच माणूस जिवंत बाहेर पडेल, याबद्दल आमच्या साडूंना तिळमात्र शंका नव्हती. आणि तो माणूस कोण हे विचारण्याइतकं अडाणी त्यांच्या ओळखीत कुणी उरलं नव्हतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून घ्यायचे आणि वर बायकोला फोन करून पाणी मागवायचे. पालीला भ्यायचे, कुत्र्याला त्याहून भ्यायचे, आणि सोसायटीच्या फाटकाशी झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीला रोज सकाळी दोन ग्लुकोजची बिस्किटं दिल्याशिवाय ऑफिसला जायचे नाहीत. भूतदया म्हणून नव्हे, जकात म्हणून. नोकरी न्हावा शेव्याला, बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत. जगातल्या पंचवीस-तीस देशांचं लोखंड त्यांच्या सहीनं या देशात उतरलं, पण त्यांच्या स्वतःच्या हातात आयुष्यभरात जे सगळ्यात जड हत्यार आलं ते म्हणजे स्टेपलर. असा माणूस चौपन्नाव्या वर्षी, मधुमेहाची गोळी चालू असताना, अरण्यात एकट्यानं तग धरून राहण्याच्या शास्त्राकडे वळला.

वळला म्हणजे मोबाइलवर वळला. परदेशातले दाढीवाले लोक बर्फात उघड्यानं बसून चाकूनं ओंडके फोडतात, चाकूनं घर बांधतात, चाकूनं मासा पकडतात आणि चाकूनंच खातात, असली चित्रं ते रात्रंदिवस बघायचे. त्यातून त्यांना एक नवीनच नजर आली. कुणीही समोर आलं की हा माणूस अन्नपाण्याविना किती टिकेल याचा ते मनात हिशोब करायचे आणि तो मनात ठेवायचे नाहीत. दिवाळीच्या फराळाला आलेल्या माझ्या सख्ख्या चुलत्यांना त्यांनी "दीड दिवस" असं तोंडावर सांगितलं. मला तीन दिवस दिले होते. "तुम्ही वाईट नाही, साडूभाऊ," ते करंजी मोडत म्हणाले, "पण चौथ्या दिवशी तुम्हाला चहा लागेल आणि तुम्ही शत्रूच्या स्वाधीन व्हाल." माझ्या बायकोला त्यांनी पाच दिवस दिले. मग मी ताईंचं विचारलं. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "ती नाही मरायची. तिच्यापुढे निसर्गाचं काही चालत नाही."

दाराच्या मागे त्यांची एक पाठपिशवी कायम भरलेली असायची. संकट आलं की ती उचलायची आणि चालू पडायचं. कुठे, ते ठरलेलं नव्हतं. ती पिशवी त्यांनी मला एकदा मोठ्या विश्वासानं उघडून दाखवली. दोरी होती, मेणात बुडवलेल्या काड्या होत्या, पाणी गाळायला पंचा आणि तुरटी होती, शिट्टी होती, मधुमेहाच्या दोन पट्ट्या होत्या, ताईंच्या हातचा पातळ पोह्यांचा चिवडा होता, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्डाच्या चार साक्षांकित प्रती होत्या.

"जगबुडीनंतर आधार कार्ड कोण मागणार?" मी म्हणालो.

"भारत आहे," ते म्हणाले. "कुणीतरी मागेलच."

या पिशवीत एकच गोष्ट नव्हती. चाकू नव्हता. आणि सगळ्या दाढीवाल्यांचं एकमतानं सांगणं असं, की बाकी सगळं गेलं तरी चालेल, चाकू पाहिजे. तोही मिटणारा, बटणाचा, खिशातला नव्हे. अखंड पात्याचा, दणकट, न मुडपणारा. तेव्हा असा एक चाकू निवडायचा, एवढंच काम बाकी होतं. त्या कामाला चौदा महिने लागले, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार माझा होता, कारण स्कूटर माझी होती.

निवडीचा पहिला फटका ताईंना बसला. एका रविवारी सकाळी सातला त्यांचा माझ्या बायकोला फोन आला, "तुझ्या नवऱ्याला पाठव ग. ह्यांनी माझे सगळे चाकू सोललेत." मी गेलो तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, आणि त्यावर घरातले सातही चाकू मुठी काढून ओळीनं निजवलेले. साडू डोक्याला हात लावून बसले होते. पातं मुठीच्या आरपार शेवटपर्यंत गेलेलं असावं, हा म्हणे या शास्त्रातला पहिला नियम. वरून मूठ भरदार दिसते, पण आत पात्याचं शेपूट करंगळीएवढंच असेल तर ऐन वेळी चाकू मोडतो आणि माणूस मरतो. "सातपैकी सहा," ते खोल आवाजात म्हणाले. "वीस वर्षं या घरात राहून सहा जणांनी फसवलं मला." त्या वीस वर्षांत त्या चाकूंनी भेंडीपलीकडे काही पाहिलं नव्हतं, हे सांगायची ती वेळ नव्हती. ताईंनी मात्र त्या दिवसापासून विळीही कुलपात ठेवली आणि जाहीर केलं, की मुठी पुन्हा बसेपर्यंत घरात फक्त जे हातानं मोडतं तेच शिजेल. पंधरा दिवस त्यांच्याकडे मेथी आणि अंडी यांचंच राज्य होतं.

जो सातवा चाकू प्रामाणिक निघाला, त्याची त्यांनी कसोटी घेतली. ओंडक्यावर पातं ठेवायचं, पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायचं, की ओंडका दुभंगतो. कुऱ्हाड नसताना सरपण फोडायची ही रीत. गॅलरीत तुळशीच्या शेजारी त्यांनी ओंडका मांडला. ठोकायला लाटणं घेतलं. चौथ्या ठोक्याला लाटणं दुभंगलं आणि चाकूचं टोक उडून दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पापडांत पडलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब. आठवड्यानं खालच्या फलकावर सूचना लागली, "सभासदांनी आपापल्या गॅलरीत वृक्षतोड करू नये." नाव घातलेलं नव्हतं. साडूंनी मात्र तिच्याखाली स्वतःहून सही केली, बंदरातल्या सवयीनं, तारखेसकट.

मग पोलादाचा प्रश्न आला. एक पोलाद गंजत नाही पण त्याची धार लवकर जाते. दुसऱ्याची धार टिकते पण ते गंजतं. पनवेलची हवा खाडीची, खारट. साडूंनी दोन्ही जातींच्या दोन पट्ट्या मिळवल्या आणि न्हाणीघरात, मिठाच्या पाण्याच्या बादलीवर, सुतळीनं टांगल्या. दीड महिना आम्ही त्यांच्याकडे गेलो की हात धुताना त्या दोन पट्ट्या डोळ्यांसमोर हलत असायच्या. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते गंजाची पाहणी करायचे. शेवटी एका पट्टीवर गंज चढला, तशी दुसरीही तांबूस दिसायला लागली. नंतर कळलं की ताईंनी चिडून दोन्हीवर मेंदीचा हात फिरवला होता.

मुठीच्या रंगावरही बराच खल झाला. नारिंगी असावी, म्हणजे गवतात पडली तरी दिसते. पण नारिंगी असली तर शत्रूलाही दिसते. "शत्रू कोण?" मी विचारलं. "ते त्या वेळी ठरेल," ते म्हणाले. जाडीवर मात्र ते ठाम होते. पाच मिलिमीटर. चार नाही, साडेचार नाही. चार मिलिमीटरवाल्या माणसांबद्दल ते असं बोलायचे, की जणू ती माणसं लग्नाला आहेर न देता जेवून जातात.

बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्या चाचांकडे आम्ही इतक्यांदा गेलो, की ते आम्हाला बघूनच स्टुलं पुढे करायचे. चाचांनी दुकानातलं प्रत्येक पातं दाखवून झालं, गोदामातलं झालं, भिवंडीच्या मेहुण्याकडून मागवलेलं झालं. साडू प्रत्येक पातं कानाशी नेऊन टिचकी मारायचे, एक डोळा मिटून त्याच्या कडेनं बघायचे, आणि "बघू" म्हणून खाली ठेवायचे. एक दिवस चाचा म्हणाले, "साहेब, तुम्ही पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या पोरीची मंगनी व्हायची होती. अल्लाच्या मेहरबानीनं शादी झाली, ती माहेरी येऊन राहून गेली. तुमचा चाकू अजून ठरत नाही. एक विचारू का? जंगलात जायचंय, की चाकू बघायचाय?"

साडू उठले. स्कूटरवर मागे बसले. भाजी मार्केट ओलांडल्यावर म्हणाले, "चाचांकडे पाच मिलिमीटर नाहीच आहे मुळात."

शेवटी चाकू बनवूनच घ्यायचं ठरलं. उरणच्या रस्त्याला, जिथून बंदराचे ट्रक रात्रंदिवस जातात, तिथे एका पत्र्याच्या छपरात एक म्हातारा लोहार बसतो. ट्रकच्या चाकावरच्या कमानीचे मोडके पाटे आणून त्यांचे तो कोयते करतो. ते पोलाद म्हणजे चाकूचा राजा, असं साडूंनी कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी आलेखाच्या कागदावर मिलिमीटरमध्ये काढलेलं चित्र लोहारापुढे ठेवलं. त्यानं ते उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि भात्याखाली विस्तवापासून लांब सरकवलं.

"सायेब, यो कोयता नाय न् सुरी पन नाय. तुमाला कापाचा काय हाय?"

"सगळंच," साडू म्हणाले.

"मंग यो कायच कापनार नाय," लोहार म्हणाला. पण करायला घेतला.

साडूंनी त्याला जे छळलं त्याला तोड नव्हती. चार रविवार आम्ही त्या छपरात उकिडवे बसलो. पोलादाला पाणी पाजायच्या दिवशी, म्हणजे लालबुंद पातं तेलात बुडवून कडक करायच्या दिवशी, साडू खिशातून वही काढून म्हणाले, "किती अंशांवर बुडवणार?" लोहारानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "पलसाच्या फुलासारका झाला का बुडवाचा." साडूंनी वहीत लिहिलं: पळसाचं फूल. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "साडूभाऊ, पळसाचं फूल नक्की कसं असतं हो?" जगबुडीतून एकटा वाचणारा माणूस! पण सांगताना मीही जरा चाचरलो, हे खरं.

चाकू मात्र देखणा झाला. वीतभर पातं, मुठीच्या आरपार गेलेलं, शिसवी मूठ, पितळेच्या तीन खिळ्या. स्टेशनजवळच्या चांभारकाकांनी कातडी म्यान शिवून दिलं, त्याला साडूंच्या आराखड्याप्रमाणे दोन पट्टे आणि एक बटण. आता तो एवढा मौल्यवान झाला, की त्यानं काही कापायची सोय राहिली नाही. पहिला वार कशावर करायचा हे ठरत नव्हतं. लिंबानं डाग पडतो, हाडानं धार जाते, पुठ्ठ्यावर करणं म्हणजे अपमान. तीन आठवडे चाकू कपाटात ताईंच्या पैठणीशेजारी पडून होता. अखेर डिसेंबरातल्या एका रविवारी त्याला जंगल दाखवायचं ठरलं. साडूंनी तो पंच्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला, आणि वर एक चिठ्ठी ठेवली: "सदर चाकू केवळ निसर्गात वापरण्यासाठी आहे." खाली स्वतःची सही.

आम्ही प्रबळगडाच्या बाजूच्या एका वाडीशी स्कूटर लावली आणि डोंगराच्या वाटेला लागलो. पाऊण तासात साडू चार वेळा बसले. मी पेरू काढला आणि म्हटलं, कापा. ते म्हणाले, "आंबट आहे, पोलाद काळं पडेल." आम्ही तो दातानंच खाल्ला. तेवढ्यात वरच्या झाडीतून हाक ऐकू आली. एक बाई कुणाला तरी बोलावत होती, "काल्या, काल्या रं," आणि मधूनच कुणाला तरी शिव्या देत होती. आम्ही पुढे झालो तर एक काटकुळी कातकरी म्हातारी हातात काठी घेऊन एका दरडीखाली उभी होती, आणि तिच्यापुढे तिचा कुत्रा लटकत होता.

कुणीतरी रानडुकरासाठी फास लावला होता. मोटरसायकलच्या क्लचची तार. एक टोक दरडीवरच्या मनगटाएवढ्या ऐनाच्या रोपाला पिळून बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा फास. काळा कुत्रा त्यात अडकून, सुटायच्या धडपडीत दरडीवरून खाली आला होता. फास गळ्याबरोबर पुढच्या एका पायाखालूनही गेला होता, म्हणूनच तो अजून जिवंत होता. मागची नखं जेमतेम जमिनीला टेकत होती. डोळे बाहेर आले होते आणि आवाज नव्हता. काल संध्याकाळपासून तो घरी आला नव्हता, एवढंच म्हातारीनं सांगितलं.

"आरं, उचल त्याला! बगतोस काय?" ती माझ्यावर ओरडली.

मी पुढे होऊन त्याला पोटाखाली धरून वर उचलला. त्यानं माझा सदरा फाडला, मनगट ओरबाडलं आणि माझ्या विजारीवर मुतला, पण तार सैल झाली आणि त्याच्या घशातून श्वासाचा एक भयंकर आवाज आला. "साडूसाहेब, चाकू!" मी ओरडलो. साडू आधीच दरडीवर चढले होते. कसे, ते मी पाहिलं नाही. ज्याला दोन जिने चढवत नाहीत तो माणूस पुरुषभर उंच दरडीच्या माथ्यावर गुडघ्यावर बसला होता आणि म्यानाचे दोन पट्टे अन् एक बटण यांच्याशी झटत होता. चाकू निघाला आणि त्या क्षणीसुद्धा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तार चाकूनं कापायची नसते. लोक तीच चूक करतात."

"मंग झाड काप की, बाबा!" म्हातारी कळवळून म्हणाली.

साडूंनी पातं ऐनाच्या बुंध्यावर तिरकं टेकवलं, शेजारी पडलेलं एक जाड लाकूड उचललं आणि पात्याच्या पाठीवर ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग उलट बाजूनं तिरकं लावून ठोकलं, आणि त्या दोन वारांमधली खाप उडून माझ्या डोक्यावर पडली. गॅलरीत लाटण्यानं जे जमलं नव्हतं तेच ते करत होते, आणि आता जमत होतं. पातं वाकत नव्हतं, मोडत नव्हतं. मी खालून कुत्रा धरून त्यांचा चेहरा बघत होतो. घाम गळत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तोंड बंद होतं. तीस वर्षांच्या ओळखीत हा माणूस इतका वेळ गप्प राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. पंधरा-वीस ठोक्यांनी ऐन कडाडला, तार निसटली, आणि मी, कुत्रा आणि तार असे तिघं पाचोळ्यात कोसळलो.

पण फास सुटेना. तार कातड्यात रुतली होती आणि म्हातारीच्या बोटांना ती धरता येईना. चाकूचं टोक तारेखाली घालून ती उचलायला हवी होती. कुत्रा आता शुद्धीवर येऊन दात दाखवायला लागला होता. मी त्याचं धड धरलं, म्हातारीनं डोकं मांडीवर दाबलं. साडू घसरत खाली आले आणि त्याच्यासमोर बसले. सोसायटीच्या म्हाताऱ्या कुत्रीला बिस्किटं टाकून पळणारा हा माणूस. त्यांनी पात्याची धार बाहेरच्या बाजूला केली, पाठ कुत्र्याच्या गळ्याकडे, आणि टोक अलगद तारेखाली सरकवू लागले. कुत्रा गुरगुरला. साडू म्हणाले, "थांबा हं. थांबा. झालंच आता. दुखतंय, कळतंय मला. हलू नका."

कुत्र्याला ते अहोजाहो करत होते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तार उचलली गेली, फास ढिला झाला, म्हातारीनं तो डोक्यावरून काढला. काल्या उठला, पडला, पुन्हा उठला, ओकला, आणि साडूंच्या ओंजळीतून त्यांच्या संकटकाळच्या बाटलीतलं सगळं पाणी प्यायला. म्हातारीनं तारेचं भेंडोळं करून कमरेला खोचलं, म्हणजे पुन्हा कुणाला लावता येऊ नये. मग तिनं चाकू हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. धारेला दोन ठिकाणी खांडं पडली होती, टोकाचा टवका उडाला होता, पितळेची एक खिळी सैल झाली होती.

"सुरी बरी हाय," ती म्हणाली. "पन येवडी जाड कशाला केली?"

या एका मुद्द्यावर साडूंनी चौदा महिन्यांत चाचांशी, लोहाराशी, माझ्याशी आणि स्वतःच्या विहिणीशी वाद घातला होता. ते पाचोळ्यात पाय पसरून, झाडाला टेकून बसले होते आणि गोळी गिळायला पाणी उरलं नव्हतं म्हणून ती तशीच चघळत होते.

"चुकलंच जरा," ते म्हणाले.

परतताना स्कूटरवर त्यांनी मला तीन वेळा विचारलं, "जगेल ना हो तो?" पुढच्या रविवारी आम्ही बघायला गेलो. काल्या वाडीच्या तोंडाशी बसला होता. गळ्याभोवती हळद थापलेली. मला पाहून तो भुंकला. साडूंना पाहून उठला, जवळ आला आणि त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून झोपला. साडू अर्धा तास त्या पायावर उभे राहिले. हलले नाहीत, कारण त्यांना वाटलं चावेल.

त्यानंतर गंमत अशी झाली, की चाकूचा विषयच संपला. मला वाटलं आता खांडं काढायला लोहाराकडे खेपा सुरू होतील. पण चाकू पिशवीत परत गेलाच नाही. धुऊन ओट्यावर ठेवला तो तिथेच राहिला. मे महिन्यात ताईंनी त्यानं फणस फोडला आणि मान्य केलं, की फणसाला याच्यासारखं काही नाही. मग नारळ, मग सुरण. साडू पेपर वाचता वाचता नुसते बघायचे. दोन-तीन रविवार मी सवयीनं स्कूटर घेऊन त्यांच्याकडे गेलो. आम्ही चहा प्यायलो. कुठे जायचं ते दोघांनाही सुचेना.

मग त्यांच्या मुलीला दिवस गेले आणि ती दोघं चार महिन्यांसाठी बंगळुरूला गेली. नातीचं बारसं झालं, चार महिन्यांचे आठ झाले, साडूंनी तिथूनच नोकरीचा राजीनामा पाठवला. पनवेलचं घर भाड्यानं गेलं. सामान हलवायला ताई एकट्याच आल्या, ते ट्रकमध्ये चढवायला मी उभा होतो. चाकू ताईंनी आठवणीनं कढयांमध्ये बांधून नेला. पाठपिशवी साडूंनी मला ठेवून घ्यायला सांगितली. "तुम्हाला तीन दिवस म्हणालो होतो," ते फोनवर म्हणाले, "ही असली तर आठवडा निघेल."

गेल्या मे महिन्यात मी एकटाच त्या वाडीवर गेलो. काम काहीच नव्हतं. म्हातारी सावलीत करवंदं निवडत बसली होती. काल्या दिसला नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही. तिनं माझ्या मागे वाटेकडे पाहिलं.

"एकटाच आलास? तो दुसरा, तो बडबड्या?"

"लांब गेला. मुलीकडे."

"येनार हाय ना?"

"येईल की," मी म्हणालो.

तिनं पळसाच्या पानांचे द्रोण केले. मी एकच मागितला होता, तिनं दोन भरले. इतकी गोड, अशी गर्द काळी करवंदं मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. एक द्रोण तिथेच संपवला आणि दुसरा हातात धरून साडूंना फोन लावला. तिकडे नात रडत होती, चौदाव्या मजल्यावरचा वारा फोनमध्ये घुसत होता.

"कुठून बोलताय, साडूभाऊ?"

मी सांगितलं.

"करवंदं आली असतील."

"आलीत."

"कशी आहेत?"

"आंबट," मी म्हणालो. "यंदा अगदीच आंबट निघाली. तोंडात धरवत नाहीत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.